रास्त भावात घेतलेली करवत

वादळ ओसरलं तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. आम्ही दार उघडून बाहेर आलो, तर शेजारच्या काकूंच्या घरावर फणस आडवा पडलेला. घर कसलं, लाकडी चौकट आणि वर पत्रे. ते पत्रे खोडाखाली कागदासारखे दुमडले गेले होते. काकू आत होत्या. त्यांचा आवाज येत होता.

ही सत्तरच्या दशकाच्या मधली गोष्ट. आमचे पूर्वज ऊस तोडायला ज्या बेटावर आले, तिथलं आमचं गाव कांप दे मास्क, चारी बाजूंनी ऊस. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, मळ्यावर ऊस तोडायला जायचो. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, तो लॉरीवर ऊस लादायचा. वडील वारले होते. घरात आई, दादा, वहिनी आणि मी.

आम्ही दोघे भाऊ आणि शेजारपाजारचे चार-पाच जण कुऱ्हाडी, कोयते घेऊन त्या खोडावर तुटून पडलो. ओल्या फणसात कुऱ्हाड रुतली की निघत नाही. निघाली की चिकाने दांडा हाताला चिकटतो. वर घाव बसला की खोड हलायचं आणि खाली काकू किंचाळायच्या. आम्ही थांबायचो. मग त्याच आतून ओरडायच्या, "थांबू नका रे, तोडा!" असं किती वेळ चाललं ते सांगता येणार नाही. दादाच्या तळहातांची सालं निघाली आणि कुऱ्हाडीचा दांडा लाल झाला.

दुपारी मळ्याचा ट्रॅक्टर आला. त्यावर दोन माणसं आणि एक मशीनची करवत, जिला आमच्या क्रेओल बोलीत त्रोंसोनेझ म्हणतात. त्यांनी दोन ठिकाणी काप घेतले. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पण काकूंचा आवाज त्याआधीच थांबला होता. आम्ही मधला ओंडका बाजूला केला तेव्हा दाराची चौकट त्यांच्या छातीवर होती. त्यांचा एक हात वरच्या दिशेला तसाच राहिला होता, आणि बोटांना लाकडाचा ताजा भुसा चिकटला होता.

दादा तिथेच चिखलात बसला. ट्रॅक्टरवाल्यांच्या हातातल्या करवतीकडे बघत म्हणाला, "ही आपल्याकडे पाहिजे."

नवी करवत राजधानीत, पोर्ट लुईच्या दुकानात मिळायची, पण तिचा भाव आमच्या आवाक्याबाहेरचा होता. इकडे गावोगाव झाडं पडलेली होती. रस्त्यांवर, शाळेच्या आवारात, आमच्या देवळाच्या सभागृहावर. कापणाऱ्याला लोक बोलवायला येत होते. जुनी करवत मिळाली तर दोन महिन्यांत वसूल होईल, असं दादाचं म्हणणं. लॉरीच्या ड्रायव्हरकडून त्याला कळलं की शेजारच्या बों अक्योय गावात एक म्हातारा क्रेओल मिस्त्री आहे. आधी मळ्याच्या वर्कशॉपमध्ये होता, आता मोडक्या करवती विकत घेतो, दुरुस्त करतो आणि विकतो. भाव रास्त घेतो.

रविवारी आम्ही दोघे गेलो. म्हाताऱ्याचं शेड घराला लागूनच होतं. त्याच्याकडे चार करवती होत्या, त्यातली एक त्याने आम्हाला दाखवली. बाहेर फिलाओचा, म्हणजे सुरूचा, एक ओंडका टाकलेला होता. त्याने दोरी ओढून करवत सुरू केली आणि माझ्या हातात दिली. मी आयुष्यात पहिल्यांदा ती हातात धरली होती. खटका दाबला आणि पट्टी लाकडात अशी उतरली, की मला काकूंची दुपार आठवली. मी एक काप घेतला, दुसरा घेतला. तिसरा घेताना मला थांबायचंच नव्हतं.

म्हाताऱ्याने माझ्या हातातून करवत काढून घेतली. इंजिन मंद ठेवलं, आणि बोटाने साखळीकडे दाखवत दादाशी काहीतरी बोलला. साखळी हळूहळू सरकत होती. खटका दाबलेला नसताना साखळीने थांबायला हवं, हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, अशीच असते. कानात तर नुसती घरघर भरली होती. दोघांचे ओठ हलताना दिसत होते. दादा मान हलवत होता, हसत होता, बोटं दाखवून भाव पाडत होता. शेवटी म्हातारा खांदे उडवून "बरं" म्हणाला असावा. निघताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मलाही काही विचारलं. मला धड ऐकू आलं नाही. मी हो म्हणून मान हलवली.

"शंभर रुपये कमी केले," बसमध्ये दादा म्हणाला. तो इतका खुश मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

तीन आठवडे आम्ही कापत सुटलो. देवळाच्या सभागृहावरची नीलगिरी आम्ही फुकट कापली. बाकीच्यांकडून पैसे घेतले. दादा आणि मी आळीपाळीने करवत धरायचो. साखळी इंजिन मंद असतानाही फिरते, याची आम्हाला सवय झाली होती. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना मी ती बंद करत नसे, कारण गरम इंजिन पुन्हा लवकर सुरू व्हायचं नाही. दादाही तेच करायचा.

एका सकाळी आम्ही एका भाजीवाल्याच्या शेतात पडलेला आंबा कापत होतो. पाऊस होऊन गेलेला. मी खोडावरून पलीकडे उतरायला गेलो, करवत उजव्या हातात, खटका सोडलेला. साल ओली होती, पाय सटकला. मी खाली येताना करवत माझ्याआधी खाली आली होती. डाव्या गुडघ्याच्या वर काहीतरी थंड लागलं, इतकंच पहिल्यांदा कळलं. मग विजारीचं कापड साखळीत गुंडाळत गेलं आणि कापडाबरोबर मांस.

करवत कापडाने अडकून बंद पडली, म्हणून पाय राहिला. मी खाली पाहिलं तर जखमेत पांढरं दिसत होतं. तो पांढरेपणा लगेच लाल होऊन भरून गेला. मी ओरडलो की नाही ते मला आठवत नाही. दादा ओरडत होता, हे मात्र आठवतं. त्याने शर्ट काढून मांडीवर आवळला, दोन्ही हातांनी जखम दाबून धरली आणि त्याच्या बोटांमधून रक्त येत राहिलं. भाजीवाल्याच्या गाडीत कोबीच्या पोत्यांवर झोपवून मला फ्लाकच्या इस्पितळात नेलं. सगळ्या रस्त्याने दादा एकच बोलत होता.

"म्हाताऱ्यानं फसवलं. म्हाताऱ्यानं खराब माल दिला. मी त्याला सोडणार नाही."

मी ते ऐकत ऐकत बेशुद्ध झालो.

टाके पडले, ताप आला, जखम चिघळली, पुन्हा उघडावी लागली. दोन महिने मी अंथरुणावर होतो. आई रोज पायाखाली उशी सरकवून द्यायची, आणि मी पडल्या पडल्या त्या म्हाताऱ्याचा चेहरा आठवायचो. माझ्या खांद्यावर ठेवलेला त्याचा हात आठवायचो. हसत हसत याने मला हे विकलं, असं मनात घोळवत राहायचो. राग असा रोज थोडा थोडा वाढवत नेला की त्यात एक सुख असतं. मला ते मिळत होतं. दादा संध्याकाळी येऊन शेजारी बसायचा. मी म्हणायचो, "मला चालता येऊ दे. मग जाऊ." तो म्हणायचा, "जाऊ ना." पण त्याचा आवाज खाली गेलेला असायचा. मला वाटायचं, माझा पाय बघून त्याला वाईट वाटतं.

चालता यायला लागलं तसं मीच त्याला ओढून नेलं. तो म्हणत होता, "जाऊ दे, आता काय उपयोग." मी ऐकलं नाही.

म्हातारा शेडमध्ये बाकावर वाकून एक साखळी कानशीने घासत होता. मला पाहून त्याने कानशी खाली ठेवली. माझं लंगडणं त्याच्या लक्षात आलं असणार, कारण त्याचा चेहरा बदलला. तो काहीतरी विचारायला तोंड उघडत होता. मी त्या उघड्या तोंडावरच मारलं.

तो मागे बाकावर आपटला, बाकावरचे पान्हे, डबे खाली पडले. मी त्याला गळपट्टीला धरून उभा केला आणि दुसऱ्यांदा मारलं. साठीच्या पुढचा माणूस. हलका होता. माझ्या हाताच्या सांध्यांवर त्याचा दात लागला आणि तुटला, ते मला हातात कळलं. तिसऱ्यांदा मारायला हात उचलला तेव्हा त्याची बायको आतून धावत आली. तिच्या हातात इस्त्री होती, कोळशाची. ती तिने माझ्या पाठीत घातली. आत निखारे होते की नव्हते ते माहीत नाही, पण मी गुडघ्यावर आलो, तोही त्याच पायाच्या गुडघ्यावर.

"त्याने मला कापलं!" मी ओरडलो. "खोटी करवत विकली!"

म्हातारा जमिनीवर बसून हातात रक्त थुंकत होता. त्याने शिवी दिली नाही. त्याने फक्त विचारलं, "रेसॉर बसवलीस का?"

रेसॉर म्हणजे स्प्रिंग. मला काही कळेना. "कसली स्प्रिंग?"

"क्लचची." शब्द त्याच्या फुटलेल्या ओठांतून नीट निघत नव्हते. "तिची स्प्रिंग गेलेली होती, म्हणून साखळी थांबत नव्हती. मी म्हटलं, दोन दिवस थांबा, बसवून देतो. तुझा भाऊ म्हणाला, आम्ही बसवू, भाव कमी कर. मी शंभर कमी केले. आधी स्प्रिंग, मग काम, असं मी त्याला दोनदा सांगितलं. तुलाही विचारलं, समजलं ना? तू मान हलवलीस."

मी दादाकडे वळलो. तो शेडच्या दारात उभा होता. तो म्हणू शकला असता, म्हातारा खोटं बोलतो. मी त्यावर विश्वास ठेवला असता, देवाशपथ ठेवला असता, आणि त्या म्हाताऱ्याचं त्या दिवशी काय केलं असतं कोणास ठाऊक. पण दादाने मान खाली घातली.

"मंदच तर फिरत होती," तो मराठीत म्हणाला, जणू म्हातारा आणि त्याची बायको तिथे नव्हतेच. "झाडं पडलेली होती. दोन दिवस घालवायचे कशाला, असं वाटलं."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तू घाबरला असतास. धरली नसतीस."

मी त्याला उसाच्या रस्त्यापर्यंत ढकलत नेलं आणि तिथे मारलं. आधी तो मार खात राहिला. त्याने हात वर केले नाहीत, त्यामुळे मी अधिकच पेटलो. त्याचं डोकं धरून मी त्याला रस्त्याकडेच्या दगडांवर आपटलं. मग त्याच्याही अंगात काहीतरी आलं, आणि त्याने नेमकी माझ्या जखमेवर लाथ घातली. आम्ही दोघे उसाच्या पाचोळ्यात लोळत, एकमेकांना चावत, ओरबाडत राहिलो. त्याचा कान माझ्या दातात होता. देवळातून परतणाऱ्या बायका थांबून ओरडायला लागल्या, आणि कोणीतरी आमच्यावर बादलीभर पाणी फेकलं, कुत्र्यांवर फेकतात तसं.

बसवाल्याने आम्हाला आत घेतलं नाही. आम्ही रस्त्याच्या दोन कडांनी चालत घरी आलो. तासाभराची वाट असेल. मला दोन तास लागले. तो पुढे जाऊन थांबायचा, मी जवळ आलो की पुन्हा चालायला लागायचा.

आईने दोघांना पाहिलं. तिने आधी दादाकडून सगळं ऐकून घेतलं, मग माझ्याकडून. दादाच्या श्रीमुखात एक दिली. मला वाटलं आता माझ्याकडे येऊन पाय बघेल. ती आली आणि मलाही तशीच एक दिली.

"त्या म्हाताऱ्यानं काय केलं हुतं तुझं?" ती म्हणाली. "उद्या जायचं. एकट्यानं जायचं."

मी गेलो. त्याच्या बायकोने दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्या वेळी तिने माझ्या पायाशी चुलीतली राख फेकली. तिसऱ्या वेळी म्हातारा स्वतः बाहेर आला. वरच्या ओठावर टाका होता, पुढचा दात नव्हता. मी त्याला तोंतों म्हणून हाक मारली. आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला असंच हाकारतात. करवत घेताना किंवा मारताना मी त्याला कसलीच हाक मारली नव्हती. माफी कशी मागायची ते मी रस्त्याने घोकत आलो होतो, पण त्याने बोलू दिलं नाही.

"करवत कुठाय?"

"घरी. तशीच पडली आहे. रक्तसुद्धा पुसलं नाही."

"घेऊन ये."

मी आणली. तो बाकाजवळ स्टुलावर बसला, पण करवतीला हात लावला नाही. तू खोल, म्हणाला. मी खोलली. साखळीत अजून माझ्या विजारीचे धागे होते आणि वाळलेलं असं काही, ज्याकडे मला बघवेना. क्लच उघडला तेव्हा त्याने बोटाने दाखवलं. करंगळीच्या नखाएवढी स्प्रिंग, ताण गेलेली, एका टोकाला तुटलेली. नवी माझ्या हातून दोनदा खाली पडली. ती बसवायला मला सकाळची दुपार झाली. त्याने मदत केली नाही, आणि घाईही केली नाही. मग म्हणाला, आता चालू कर. मी दोरी ओढली. इंजिन मंद गुरगुरत राहिलं आणि साखळी जागच्या जागी स्थिर होती.

मला तिथेच रडू फुटलं. म्हातारा दुसरीकडे बघत राहिला.

"चूक माझीही आहे," तो म्हणाला. "मी भाव बरोबर लावला, खरंही सांगितलं, आणि मला वाटलं माझं काम झालं. ती करवत तशीच बाहेर जाऊ द्यायला नको होती. दोन दिवस ठेवून घ्यायची होती, तुझा भाऊ रागावला असता तरी."

त्यानंतर मी दर रविवारी त्याच्याकडे जायला लागलो. त्याची बायको वर्षभर माझ्याशी बोलली नाही, चहा मात्र द्यायची, कप माझ्यासमोर आपटून. जुनी करवत कशी बघायची हे मला म्हाताऱ्याने शिकवलं. धुराड्याचं झाकण काढून आत पिस्टनवर ओरखडे आहेत का ते बघायचं. दोरी हळू ओढून बघायची. हाताला ओढ लागली नाही तर सिलिंडर झिजलेला. पट्टीच्या दोन्ही कडा बोटाने चाचपायच्या. टोक पांढऱ्या कागदासमोर धरून खटका दाबायचा, कागदावर तेलाची रेघ उठली पाहिजे. आणि इंजिन थंड असेल तरच विकत घ्यायला बसायचं. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर तो काहीतरी लपवतो आहे.

दादाशी मी दोन वर्षं बोललो नाही. एकाच घरात, एकाच चुलीचं खाऊन. त्याने करवतीला पुन्हा कधी हात लावला नाही. वहिनीला मुलगी झाली तेव्हा तिने बाळ माझ्या मांडीवर आणून ठेवलं, आणि दादा दारात उभा राहून म्हणाला, "त्याच्या डाव्या पायावर भार देऊ नकोस." त्यावर मी म्हटलं, "राहू दे, दुखत नाही." एवढ्यावरच आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला म्हातारा गेला. छातीत दुखलं आणि दोन दिवसांत गेला. त्याच्या बायकोने निरोप पाठवला, शेडमधल्या करवती विकायच्या आहेत, भाव तू लाव. तेव्हा नुकतंच पुन्हा एक मोठं वादळ होऊन गेलं होतं आणि करवतींना मागणी होती. दादा म्हणाला, मी येतो सोबत. सहा करवती होत्या. आम्ही त्या बाहेर मांडल्या. जो येईल त्याला मी आधी दोष सांगायचो, मग भाव. ज्या चालू होत्या, त्या कापून दाखवून दिल्या. पाच गेल्या. सहावी मी बाजूला ठेवली होती. तिच्या सांगाड्यालाच तडा होता, खटका मध्येच अडकून राहायचा. ती कोणालाच विकायची नव्हती.

मोका गावाच्या बाजूचा एक कंत्राटदार उशिरा आला. दोन मजूर सोबत. बाकीच्या संपल्या म्हटल्यावर त्याची नजर सहावीवर गेली. मी दोष सांगितला. तो म्हणाला, चालेल. मी म्हटलं, विकायची नाही. त्याने भाव वाढवला.

"धरणार कोण?" मी विचारलं.

"माझी माणसं धरतील. तुला काय करायचंय?"

त्याचे मजूर मागे उभे होते. त्यातला एक माझ्याच तेव्हाच्या वयाचा होता, आणि तो करवतीकडे ज्या नजरेने बघत होता ती मला ओळखीची वाटली. कंत्राटदाराने नोटा म्हातारीच्या हातात कोंबल्या आणि करवत उचलली. मी ती त्याच्या हातातून हिसकावली. त्याने मला शिवी देऊन बाकाजवळचा पान्हा उचलला. हातभर लांबीचा, लोखंडी. मी करवत धरलेली होती, मला हात वर करता येईना.

दादा मध्ये आला. पान्हा त्याच्या खांद्याच्या हाडावर बसला, आणि ते हाड मोडल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. दादा खाली पडला नाही. एका हाताने त्याने कंत्राटदाराचा शर्ट धरून ठेवला आणि मला म्हणाला, "तोड ती."

शेडच्या दारात मोठा घण होता. मी करवत उंबऱ्याच्या दगडावर ठेवली आणि घण घातला. पहिल्या घावाला सांगाडा फुटला, दुसऱ्याला सिलिंडरची पाती उडाली, त्यातली एक माझ्या गालाला लागली. मी थांबलो नाही. पट्टी वाकली, साखळी तुटून अंगणात पसरली. मी घण घालतच होतो, तुकड्यांचे तुकडे होईपर्यंत. कोणी अडवलं नाही. मान वर केली तेव्हा कंत्राटदार निघून गेला होता. म्हातारीने त्याच्या नोटा त्याच्या मागे रस्त्यावर फेकल्या होत्या आणि त्याचा तो तरुण मजूर खाली वाकून त्या गोळा करत होता.

दादा उंबऱ्यावर बसला होता. चेहरा पांढराफटक. म्हातारीने आतून चादर आणली, फाडली, त्याचा हात गळ्यात बांधला. ती त्याच्याशी आयुष्यात पहिल्यांदा बोलत होती.

"दुखतंय?"

"हो," दादा म्हणाला. "फार."

"बरं," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.